वाजेलच असा गजर

घड्याळाच्या दुकानात बहुतेक गिऱ्हाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "वेळ बरोबर दाखवतं ना?" दुकानदार हो म्हणतो आणि ते खरेच असते. सेलवर चालणारे अगदी स्वस्तातले घड्याळसुद्धा आज वेळेला पक्के असते. उशाशी ठेवायच्या घड्याळाला विचारायचा प्रश्न निराळा आहे. हे वाजेल ना? पहाटे साडेचारला, वीज गेलेली असताना, सेल जुना झालेला असताना, पत्र्यावर पाऊस कोसळत असताना वाजेल ना? आणि वाजलेच, तर पासष्टीच्या माणसाला ते झोपेत ऐकू जाईल ना?

गजराच्या घड्याळात दोन वेगवेगळी कामे एकाच डबीत कोंबलेली असतात. एक वेळ राखण्याचे, दुसरे माणसाला जागे करण्याचे. पहिले काम विज्ञानाने केव्हाच सोडवले आणि इतके स्वस्त केले की त्यात आता चांगले-वाईट असे फारसे उरले नाही. दुसऱ्या कामाकडे मात्र कारखानदार आणि गिऱ्हाईक दोघेही दुर्लक्ष करतात. पहिली एसटी चुकते, परीक्षेला उशीर होतो, आजीची पहाटेची गोळी राहते, ते या दुसऱ्या कामात खोट निघाल्यामुळे. म्हणून आपले पैसे आणि आपली चौकसबुद्धी तिथेच खर्च करायला हवी.

आधी वेळेचे काम थोडक्यात समजून घेऊ, म्हणजे त्यासाठी जास्त पैसे का मोजायचे नाहीत ते कळेल. क्वार्ट्झचा स्फटिक दाबला की त्यावर विद्युतभार उमटतो, हे झाक आणि प्येर क्यूरी या भावांनी 1880 मध्ये दाखवले. याच्या उलटही घडते. स्फटिकाला वीज दिली की तो ठरावीक वेगाने थरथरतो. या थरथरीवर चालणारे पहिले घड्याळ 1927 मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत वॉरन मॅरिसन आणि हॉर्टन यांनी तयार केले. 25 डिसेंबर 1969 ला जपानच्या सायको कंपनीने हेच तंत्र मनगटावर आणले. त्यानंतर किमती घसरत गेल्या. आज गुजरातेतल्या मोरबीसारख्या गावातून ही घड्याळे देशभरच्या बाजारात जातात.

सेलवरचे घड्याळ उघडले तर आत सहा-आठ मिलिमीटर लांबीची एक चकचकीत धातूची नळी दिसते. तिच्यात दुबेळक्याच्या आकाराचा स्फटिक असतो आणि तो सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे. त्याला पंधरा वेळा निम्मे केले की बरोबर एक उरतो. हे निम्मे करण्याचे काम एक बारकी चिप करते आणि सेकंदाला एक ठोका मोटरला देते. अशा घड्याळात महिन्याकाठी अर्ध्या-पाऊण मिनिटाचा फरक पडतो. हा स्फटिक 25 अंश तापमानाच्या आसपास सर्वांत नेमका चालतो. नागपुरात मे महिन्यात पारा 45 वर गेला की तो जरा मंदावतो, पण तेही दिवसाला सेकंद-सव्वा सेकंद. पहाटे उठणाऱ्याला याने काही फरक पडत नाही. दोनशेच्या आणि दोन हजारांच्या घड्याळात हाच स्फटिक असतो, तेव्हा खोक्यावरच्या 'अचूक' या शब्दासाठी जादा पैसे देऊ नयेत.

चावीच्या घड्याळात गोष्ट उलटी होती. ज्यांच्या घरात पितळी घंटांचे टाइमपीस होते त्यांना ते आठवत असेल. पाठीमागे दोन चाव्या, एक चालण्याची आणि एक गजराची, कारण आत स्प्रिंगाही दोन. हवी ती वेळ लावता येईल अशा गजराच्या घड्याळाचे पेटंट फ्रान्समध्ये आंत्वान रेदिए यांनी 1847 मध्ये घेतले, आणि उशाशी ठेवता येईल असे छोटे घड्याळ 1876 मध्ये अमेरिकेत सेथ थॉमस कंपनीने आणले. वेळेच्या बाबतीत ही घड्याळे दिवसाला दोन-तीन मिनिटे मागेपुढे होत. पण गजर? लोखंडी हातोडी धातूच्या घंटेवर अशी आपटायची की शेजारच्या खोलीतला माणूसही उठून बसायचा. सेल नाही, वीज नाही, फक्त रात्री चावी द्यायची आठवण हवी. चालू स्थितीतले असे घड्याळ घरात असेल तर ते जपावे असे मी मनापासून सांगेन. मात्र नवे घ्यायला गेलात तर सावध राहा. जुन्या धाटणीच्या दोन घंटा डोक्यावर असलेली पुष्कळ घड्याळे हल्ली सेलवर चालतात. काहींत तर घंटा नुसत्या शोभेला असतात आणि खरा आवाज आतल्या बझरचा असतो. चावीची खरी घड्याळे दुरुस्त करणारे घड्याळजीही आता गावोगाव सापडत नाहीत, तेव्हा घेण्यापूर्वी त्याची चौकशी करावी.

जुन्या टाइमपीसबद्दल आणखी एक गोष्ट, आणि ती गंभीर आहे. अंधारात चमकणाऱ्या काट्यांना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खरोखरच रेडियमचा रंग लावत. अमेरिकेत 1920 च्या सुमारास ब्रशाचे टोक ओठांनी टोकदार करून हा रंग भरणाऱ्या कामगार मुलींना हाडांचे भयंकर आजार झाले, कित्येक जणी दगावल्या. रंगाची चमक काही वर्षांत जाते, रेडियम जात नाही. त्याची तीव्रता निम्मी व्हायलाच 1600 वर्षे लागतात. आजोबांच्या काळचे परदेशी घड्याळ असेल आणि काट्यांवर पिवळट-तपकिरी खपली दिसत असेल तर ते घरी उघडू नका, ती खपली खरवडू नका आणि मुलांच्या हाती देऊ नका. आजच्या घड्याळांतला चमकणारा रंग किरणोत्सारी नसतो. दिव्याचा उजेड शोषून घेऊन तो अंधारात सोडतो, एवढेच. त्याला घाबरण्याचे कारण नाही.

आता आपल्याकडे सर्वांत जास्त खपणाऱ्या प्रकाराकडे येऊ, म्हणजे काट्यांच्या, एका पेन्सिल सेलवर चालणाऱ्या घड्याळाकडे. याचा गजर कसा वाजतो ते एकदा नीट पाहिले की त्याचे गुणदोष पाठ होतात. तासकाट्याबरोबर फिरणारे एक चाक असते आणि गजराच्या काट्याबरोबर वळणारे दुसरे. एकाला उंचवटा, दुसऱ्याला खाच. दोघे समोरासमोर आले की उंचवटा खाचेत घसरतो, चाक किंचित सरकते आणि एक पातळ धातूची पट्टी दुसरीला टेकते. झाले, बझरला वीज मिळाली. चावीच्या घड्याळातही हीच करामत असते. फक्त तिथे पट्टीऐवजी हातोडीचा अडसर सुटतो.

आता हिशेब करून बघा. गजराच्या काट्याची एक पूर्ण फेरी म्हणजे बारा तास, म्हणजे एका मिनिटाला अर्धा अंश. दोन सेंटिमीटर लांबीच्या काट्याचे टोक पाच मिनिटांसाठी एक मिलिमीटरही सरकत नाही. डोळ्यांनी काटा साडेचारवर लावताना पाच मिनिटांची चूक सहज होते, तीत प्लॅस्टिकच्या चाकांमधल्या ढिलाईची भर. सेकंदाची चूक न करणारे घड्याळ गजराला दहा मिनिटे इकडे-तिकडे होते ते असे. यावर उपाय सोपा आहे. नवे घड्याळ आणले की गजराचा काटा ठळक सहावर लावावा, मिनिटकाटा हाताने हळूहळू पुढे नेत आणावा आणि गजर नेमका कधी सुरू होतो ते पाहावे. सहाला सात मिनिटे कमी असताना वाजला, तर हे घड्याळ सात मिनिटे आधी वाजणारे, हे कायमचे लक्षात ठेवावे. ही तपासणी दुकानातच केली तर उत्तम. दोन-तीन घड्याळे अशी फिरवून पाहिली तर त्यांतला फरक तुमच्या नजरेला येईल. वीस मिनिटांहून जास्त चुकणारे तिथेच परत करावे. गजराचा काटा बहुतेक घड्याळांत एकाच दिशेने फिरवायचा असतो आणि पाठीमागच्या गुंडीजवळ तसा बाण काढलेला असतो. उलट फिरवण्याची जबरदस्ती केली की आतले दाते झिजतात, आणि मग दरवर्षी त्याच्या चुका वाढत जातात.

या घड्याळाची दुसरी मर्यादा बारा तासांची. त्याला सकाळ-संध्याकाळ कळत नाही. संध्याकाळी चारला पहाटे साडेचारचा गजर लावून बटण वर केले, तर ते अर्ध्या तासात वाजेल. रात्रपाळी करून सकाळी झोपणाऱ्या नर्सला, कारखान्यातल्या कामगाराला किंवा सुरक्षारक्षकाला हे फार जाचते. त्यांनी अंकांचे घड्याळ घ्यावे.

सेलबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण न वाजलेल्या गजरांत मोठा वाटा त्याचाच असतो. काटे फिरवायला वीज अगदी नगण्य लागते, म्हणून एक सेल वर्ष-दीड वर्ष पुरतो. पण बझर वाजताना आणि तबकडीवरचा दिवा लागताना त्याच्या शंभरपटीहून जास्त वीज ओढली जाते. मरणपंथाला लागलेला सेल काटे रेटत राहतो. आपण बघतो तर घड्याळ चालू, वेळ बरोबर. पहाटे मात्र बझरने वीज मागितली की सेलचा दाब कोसळतो आणि एक क्षीण किरकिर तेवढी निघते, कधी तीही नाही. सेल संपत आल्याची एक खूण आधी दिसते. सेकंदकाटा आठ ते दहाच्या दरम्यान, विशेषतः नवाजवळ, जागच्या जागी थरथरायला लागतो. नवाजवळ काटा आडवा असतो आणि त्याला वर उचलायचे असते. तिथेच मोटरला सर्वांत जास्त जोर लागतो. हे दिसले की त्याच दिवशी सेल बदलावा. घड्याळ थांबण्याची वाट पाहू नये.

सेल ताजा आणि बऱ्या कंपनीचा घ्यावा, पाकिटावरची तारीख पाहून. रिचार्जेबल सेल इथे नको. त्याचा दाब 1.5 ऐवजी 1.2 व्होल्ट असतो, काटे त्यावर चालतील पण बझरला पुरेल याची खात्री नाही. जुना सेल घड्याळात विसरू नये. तो गळला की पट्ट्यांवर बुरशीसारखा थर चढतो. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या दमट हवेने या पट्ट्या एरवीही लवकर गंजतात. घड्याळ विकत घेताना सेलचे झाकण उघडून आतली स्प्रिंग बोटाने दाबून पाहावी. ती ताठ आणि चकचकीत हवी. झाकण इतके सैल नको की घड्याळ खाली पडले तर सेल बाहेर उडेल. सेल बदलण्याचा एक दिवस ठरवून ठेवला, दसऱ्याचा म्हणा किंवा पाडव्याचा, तर तो विसरला जात नाही.

अंकांच्या घड्याळात गजर मिनिटाला नेमका वाजतो, शिवाय चोवीस तासांचा हिशेब त्याला कळतो. इथली चूक माणसाकडून होते. बारा तासांच्या पद्धतीत सकाळ-संध्याकाळची खूण म्हणजे कोपऱ्यातला एक बारीक ठिपका. तो चुकला की पहाटेचा गजर संध्याकाळी वाजतो. म्हणून ज्यावर 16:30 आणि 04:30 असे दाखवता येते तेच घड्याळ घ्यावे आणि पहिल्या दिवशीच त्या पद्धतीवर लावून टाकावे. घरातल्या मोठ्यांना चार दिवस जड जाईल, मग सवय होते.

अंकांची मोठी, उजळ घड्याळे बहुधा विजेवर चालतात, आणि तिथे आपल्याकडचा खरा धोका सुरू होतो. भारनियमनाचे दिवस ज्यांनी काढले त्यांना सांगायला नको. रात्री दोनला पाच मिनिटे वीज गेली तरी राखीव सेल नसलेले घड्याळ सगळे विसरते आणि 12:00 असे मिचकावत बसते. गजर गेलाच. राखीव सेलची सोय आहे असे खोक्यावर लिहिलेले असले तरी त्याचा अर्थ दरवेळी एकच नसतो. काही घड्याळांत हा सेल फक्त वेळ जपतो आणि वीज नसताना गजर वाजवत नाही. काहींत अंक विझतात पण गजर वाजतो. आपल्याला दुसऱ्या प्रकारचे घड्याळ हवे. दुकानदाराच्या शब्दावर न जाता त्याच्यासमोर गजर दोन मिनिटांवर लावावा, प्लग काढावा आणि वाट पाहावी. दोन मिनिटे लागतात, पण बाकी कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा ही परीक्षा जास्त सांगते.

विजेवरच्या काही घड्याळांत स्फटिक नसतोच. ती विजेच्या कंप्रतेवर वेळ मोजतात. आपल्याकडे वीज सेकंदाला 50 आवर्तने करते. ती मोजली की सेकंद मिळतो. कंप्रता 49 वर घसरली तर असे घड्याळ तासाला 72 सेकंद मागे पडेल. आपल्या वीजजाळ्यात पूर्वी असे चढउतार बरेच होत. आता नियमाने कंप्रता 49.90 ते 50.05 च्या दरम्यान राखायची असते, आणि 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर वाहिनी जोडली गेल्यापासून सगळ्या देशाचे जाळे एकाच ठेक्यावर चालते. एका देशातल्या बिघाडाने दुसऱ्याची घड्याळे कशी बिघडतात हे युरोपने 2018 मध्ये पाहिले. सर्बिया आणि कोसोव्हो यांच्यातल्या वादात वीज कमी पुरवली गेली आणि जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत सरासरी कंप्रता 49.996 वर राहिली. फरक किती किरकोळ! पण तो साठत गेला, आणि स्पेनपासून पोलंडपर्यंत ओव्हनवरची आणि उशाजवळची घड्याळे सहा मिनिटे मागे पडली.

हे परदेशी प्रकरण आपल्या घरात येते ते भेटवस्तूंच्या रूपाने. अमेरिकेतून मुलगा किंवा पुतणी रेडिओचे सुंदर घड्याळ आणते. तिथली वीज 120 व्होल्टची आणि 60 आवर्तनांची. कन्व्हर्टर लावून व्होल्टेजचा प्रश्न सुटतो, आवर्तनांचा सुटत नाही. कंप्रता मोजणारे घड्याळ इथे दर तासाला दहा मिनिटे मागे पडते. ते बिघडलेले नसते, आपला 50 आवर्तनांचा तास त्याला 50 मिनिटांचा वाटतो. युरोपातून आणलेल्या 'आपोआप वेळ जुळवणाऱ्या' घड्याळांची गत वेगळी. ती जर्मनीत फ्रांकफुर्टजवळच्या माइनफ्लिंगेनहून 77.5 किलोहर्ट्झवर प्रसारित होणाऱ्या वेळेच्या संदेशावर अवलंबून असतात. इंग्लंड, अमेरिका, जपान, चीन यांची अशी आपापली केंद्रे आहेत. भारतात अशा घड्याळांसाठी दीर्घलहरींवरचे केंद्र नाही, म्हणून इथे ती साध्या स्फटिकाच्या घड्याळासारखी चालतात. शिवाय आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, आणि काहींत अर्ध्या तासाची सोयच नसते. जुळणी बंद करता येत असेल तरच ती वापरावीत.

आता आवाज. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त महत्त्वाचे वाटते ते हेच, आणि दुकानात सर्वांत कमी तपासले जाते तेही हेच.

स्वस्त घड्याळांचा 'पीप पीप' असा तीक्ष्ण आवाज कुठून येतो? त्याच स्फटिकातून. 32,768 ला निम्मे करत जाताना वाटेत 4096 आणि 2048 हे आकडे येतात, आणि चिपमधून हे कंपन फुकट मिळते. म्हणून पुष्कळ घड्याळांचा बझर याच उंचीवर वाजतो. कारखान्याच्या दृष्टीने ही सोय आहे. पण वय वाढते तशी माणसाची श्रवणशक्ती वरच्या स्वरांपासून कमी होत जाते. साठी ओलांडलेल्या कित्येकांना हा आवाज जागेपणीही जेमतेम ऐकू येतो. घरातल्या तरुणाला तो कानात टोचतो, म्हणून तो घड्याळ जोरदार आहे असे समजून आजोबांसाठी घेऊन येतो.

झोपलेल्या माणसाला कुठला आवाज उठवतो याचा पद्धतशीर अभ्यास मेलबर्नच्या व्हिक्टोरिया विद्यापीठात डोरोथी ब्रुक आणि इयन थॉमस यांनी केला. त्यांचा विषय आगीच्या इशाऱ्याचा होता, पण निष्कर्ष आपल्या कामाचे आहेत. ऐकू कमी येणाऱ्या प्रौढांना गाढ झोपेत वेगवेगळे आवाज ऐकवले तेव्हा 3100 हर्ट्झच्या नेहमीच्या तीक्ष्ण इशाऱ्याने 56 टक्के लोक जागे झाले. 520 हर्ट्झच्या, एकाच पट्टीतल्या पण वरचे स्वरही मिसळलेल्या जाडसर आवाजाने 92 टक्के जागे झाले. लहान मुलांवरही हाच आवाज जास्त परिणाम करतो असे दिसले. याच संशोधनावरून अमेरिकेच्या अग्निसुरक्षा नियमांत झोपण्याच्या जागांसाठी 520 हर्ट्झचा इशारा आला. लुकलुकणाऱ्या दिव्याने एकट्याने फार थोडे लोक उठले. गादीखाली किंवा उशीखाली ठेवायच्या थरथरणाऱ्या चकतीने मात्र बहुतेकांना उठवले. ज्यांना अजिबात ऐकू येत नाही त्यांच्यासाठी अशी चकती जोडलेली घड्याळे मिळतात. अशा व्यक्तीसाठी घड्याळ घेत असाल तर बाकी कशाचाही विचार न करता तेच घ्यावे.

तेव्हा आवाज ऐकताना नुसता मोठा आहे का हे पाहू नका, तो जाड आहे का ते पाहा. घंटेचा ठणठणाट, रेडिओच्या स्पीकरमधून येणारा भरदार सूर, 'टर्र' असा खरखरीत बझर, हे सगळे शिट्टीसारख्या पीपपेक्षा बरे. आणि ज्याच्यासाठी घड्याळ घ्यायचे त्यालाच दुकानात न्या. ते शक्य नसेल तर घरी आणल्यावर तो पाठ करून झोपल्यासारखा पडलेला असताना, पंखा पूर्ण वेगाने लावून, एकदा वाजवून बघा. हळूहळू चढत जाणारा आवाज शेजारी झोपलेल्यांना बरा, पण तो शेवटी पुरेसा चढला पाहिजे आणि निदान काही मिनिटे न थांबता वाजत राहिला पाहिजे. तीस सेकंदांत गप्प होणारा गजर गाढ झोपेतल्या माणसाला उपयोगाचा नाही. रात्री दहाला झोपलेला माणूस पहाटे साडेचारला बहुधा हलक्या झोपेत असतो, कारण गाढ झोपेचा मोठा भाग रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात होतो. दोनला झोपलेला मात्र साडेचारला गाढ झोपेच्या जवळ असतो. उशिरा झोपून लवकर उठणाऱ्याला जास्त जोरदार घड्याळ लागते ते यामुळे.

जागे झाल्यावरही पहिली काही मिनिटे मेंदू धड चालत नाही. या अर्धवट अवस्थेत हात घड्याळाकडे जातो आणि म्हणून बटणांची रचना फार मोलाची. 'थोडे अजून झोपू दे' म्हणणारे बटण अमेरिकेत 1956 मध्ये आले आणि आता बहुतेक घड्याळांवर असते. ते वरच्या बाजूला, मोठे असावे. गजर पुरता बंद करायचे बटण पाठीमागे किंवा बाजूला, सरकवावे लागेल असे असावे. दोन्ही एकमेकांशेजारी आणि सारखीच असतील तर डोळे मिटूनच चुकीचे दाबले जाते. ते घड्याळ कितीही देखणे असले तरी नको. गजर चालू केला आहे की नाही हे लांबून कळले पाहिजे. त्यासाठी सरकत्या बटणाखालचा लाल ठिपका पडद्यावरच्या घंटेच्या बारक्या चित्रापेक्षा बरा. अंकांचा उजेड कमी करता यावा. निळा-पांढरा उजेड झोपेला सर्वांत जास्त त्रास देतो, लाल सर्वांत कमी. टिकटिक सहन होत नसेल तर सेकंदकाटा न थांबता सरकणारे घड्याळ मागावे.

एवढे सगळे करण्यापेक्षा मोबाइल आहेच की, असे वाटणे साहजिक आहे. मोबाइलचा गजर वाईट नाही. वेळ जाळ्यावरून जुळते, आवाज निवडता येतो, वाराप्रमाणे लावता येतो. पण तो एका मोठ्या यंत्रणेचा एक कोपरा आहे. चार्जिंग संपले, रात्रीत अपडेट झाले, गजराचा व्हॉल्यूम चुकून खाली गेला, की गजर गेला. बंद केलेला आयफोन तर गजर वाजवतच नाही. 1 आणि 2 जानेवारी 2011 ला जगभर आयफोनवर एकदाच वाजायचे म्हणून लावलेले गजर वाजले नाहीत. प्रणालीतली चूक होती, आणि 3 तारखेपासून ते पुन्हा वाजतील असे कंपनीने सांगितले. त्याआधी 2010 च्या नोव्हेंबरात युरोपात घड्याळे तासभर मागे घेतल्यावर रोज वाजणारे गजर तासाने चुकले होते. दोनशे रुपयांच्या घड्याळात बिघडायला प्रणालीच नाही, हा त्याचा मोठा गुण. शिवाय मोबाइल उशाशी आला की झोप लांबते, हे प्रत्येक घरात दिसते. दहावी-बारावीतल्या मुलांच्या उशाशी मोबाइलऐवजी घड्याळ ठेवावे, असे माझे ठाम मत आहे.

नवे घड्याळ आणल्यावर महत्त्वाच्या कामाला लगेच त्याच्यावर विसंबू नका. चार-पाच रात्री जुन्या सवयीबरोबर ते नुसते चालवून पाहा. रोज वाजते का, किती मिनिटे पुढे-मागे वाजते, झोपेत ऐकू येते का, बंद करताना हात कुठे जातो. हात पोचणार नाही इतके लांब, पण आवाज दबणार नाही असे ठेवा. उशीखाली किंवा पुस्तकांच्या मागे ठेवलेला गजर निम्मा होतो. लाकडी टेबलावर घड्याळ थेट ठेवले तर फळीही त्याच्याबरोबर वाजते आणि आवाज भरतो. खाली जाड रुमाल असेल तर तोच आवाज मरतो.

आणि विमान, शस्त्रक्रिया, परीक्षा, मुलाखत असा दिवस असेल तर दोन गजर लावावेत, पण वेगवेगळ्या जातीचे. एकाच मोबाइलवर पाच मिनिटांच्या अंतराने लावलेले सहा गजर म्हणजे एकच गजर, कारण मोबाइल बंद पडला की सहाही जातात. एक सेलचे घड्याळ आणि एक मोबाइल, किंवा एक सेलचे आणि एक विजेवरचे असे लावा. पहिला उशापासून हातभर लांब, दुसरा खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आणि दुसऱ्याची वेळ पहिल्यानंतर दहा मिनिटांनी. झोपण्यापूर्वी दोन्हींचा आवाज एकेकदा वाजवून ऐका आणि मग दिवा मालवा.